खडूचा पलंग

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी गरीब गाय समजायला नको. माझ्या भावोजींना मी हॉस्पिटलच्या जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, तोंडाला येईल ते बोलले होते. 'माझी बहीण तुमच्या घरानं खाल्ली,' असं म्हटलं होतं. ते हातात औषधांची पिशवी धरून खाली मान घालून उभे होते. त्यानंतर दीड वर्ष मी त्यांच्या दारात पाऊल टाकलं नाही.

भावोजी सुतार. फर्निचरच्या मोठ्या कारखान्यात पगारी कामाला. कानावर कायम पेन्सिल. लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे, बघा म्हणजे कळेल. बोलणंही फळी कापावी तसं, हवं तेवढंच. आम्ही घरचे सगळे बडबडे, त्यामुळे सुरुवातीला मला वाटायचं, ह्या माणसाला आम्ही आवडत नाही की काय. ताई म्हणायची, "अगं, आवडतात म्हणून तर ऐकत बसतात. नाहीतर उठून गेले नसते का?"

ताई उंच. आमच्या घरात कुणीच एवढं उंच नाही, कुठून आली कुणास ठाऊक. शाळेत तिला 'शिडी' म्हणायचे, आणि तिच्या शेजारी उभी राहून राहून माझं नाव 'बुटकी' पडलं. माझी पन्नाशी जवळ आली तरी ती मला चारचौघांत बुटकीच म्हणायची. शाळांचे गणवेश शिवायच्या कारखान्यात ती मशीनवर बसायची. मशीनची फळी तिच्या गुडघ्यांना लागायची, म्हणून पाय एका बाजूला वळवून तिरकी बसायची. अशी बावीस वर्षं बसली. गुडघ्यांची वाट लागली ती तिथेच.

बारा वर्षं त्यांनी भाड्याच्या खोल्या बदलल्या. मालकाचा मुलगा लग्नाला आला, करा खोली खाली. मालकाला भाडं वाढवायचंय, करा खोली खाली. शेवटी त्यांनी घर घेतलं. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दोन माणसं उभी राहिली की भरून जाईल एवढी बाल्कनी. वीस वर्षांचं कर्ज, दोघांच्या नावावर. राहायला गेले तेव्हा सामान म्हणजे दोन गाद्या, एक लोखंडी ट्रंक, भांडीकुंडी आणि सात वर्षांची माझी भाची.

सुतारांची एक रीत असते. गिऱ्हाइकाकडे कपाट करायचं असलं की आधी जमिनीवर खडूनं त्याचा आकार आखतात, खऱ्या मापाचा. मग म्हणतात, जरा इकडून तिकडे चालून बघा, कुठं अडतं का. भावोजींनी पहिल्याच रविवारी स्वतःच्या घरात तेच केलं. बाहेरच्या खोलीत जेवणाचं टेबल आणि चार खुर्च्या, भिंतीलगत कपाट, कोपऱ्यात भाचीचं अभ्यासाचं टेबल. आतल्या खोलीत पलंग. सगळं स्वतःच्या हातानं करणार होते, लाकूड तेवढं विकत घ्यायचं होतं.

पलंगाच्या वेळी त्यांनी ताईला भिंतीला टेकून उभं केलं. जमिनीपासून तिच्या गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंत टेप लावली, भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, एकवीस इंच. "बाजारातला अठराचा असतो," म्हणाले. "तुला उठताना जड जाईल." ताई लाजली. मी तिथेच होते, मी म्हटलं, "भावोजी, माझंही घ्या की माप." तर ताई म्हणते, "तुला कशाला पलंग? तुला पाट पुरे."

एवढ्यावर सगळं सुखानं व्हायला काय हरकत होती? पण वर्ष झालं आणि बँकेचा कागद आला. वर्षभरात किती भरले आणि मुद्दल किती कमी झालं, त्याचा. भावोजींनी तो तीनदा वाचला. मग ताईला दाखवला. वर्षभर पोटाला चिमटा काढून हप्ते भरले होते, आणि मुद्दल जेमतेम हललं होतं. बाकी सगळं व्याजात. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून ते बँकेत गेले. तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं, की हप्त्याशिवाय वर जे काही भराल, ते सरळ मुद्दलात जाईल. सुरुवातीच्या वर्षांत भरलंत तर फायदा जास्त. फक्त भरताना सांगायचं, हप्ता कमी नको, मुदत कमी करा.

झालं. त्या दिवसापासून त्या घरात 'मुदत' हा शब्द देवासारखा झाला.

दोघांनी बसून पद्धत ठरवली. दर वस्तूचं एक पाकीट. त्यावर नाव: कपाट, टेबल, खुर्च्या, पलंग. प्रत्येकात त्या त्या वस्तूच्या लाकडाचे पैसे थोडे थोडे टाकायचे. पाकीट भरलं की ठरवायचं, वस्तू करायची की बँकेत भरायचं. आणि दर वेळी ठरायचं काय, तर बँकेत भरायचं. भावोजी संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढता काढता सांगायचे, "आज कपाट भरून आलो." ताई विचारायची, "किती महिने गेले?" "पाच." की दोघंही खूश. पावतीच्या मागे पेन्सिलनं लिहायचे, 'कपाट'. म्हणजे त्यांच्या घरातलं सगळं फर्निचर बँकेत, आणि घरात खडूच्या रेघा.

पण त्या रेघा पुसू दिल्या नाहीत हं त्यांनी! ताई फरशी पुसायची तेव्हा आकारांच्या आतून वेगळं आणि बाहेरून वेगळं फडकं फिरवायची. एखादी रेघ फिकटली की स्वतःच खडू घेऊन बसायची. भाची तर त्यातच वाढली. टेबलाच्या चौकोनाला वळसा घालून जायची. एकदा तिची मैत्रीण खेळायला आली आणि धावत भिंतीकडे गेली, तर ही किंचाळली, "अगं, कपाटातून काय जातेस!" ती पोर बिचारी दचकून जागीच उभी. आम्ही हसून हसून बेजार झालो. भावोजीसुद्धा हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला लागला. तेव्हा ते खोकायचे बऱ्याचदा. लाकडाचा भुसा, दुसरं काय, असं म्हणून आम्ही सोडून द्यायचो.

रविवारीही ते कामाला जायला लागले. कारखान्यात नाही, बाहेर, लोकांकडे दारं-खिडक्यांची कामं घ्यायचे. ताईनं रिक्षा सोडली, चालत जायला लागली. भाचीची सहल बुडली. नवे कपडे म्हणजे ताईच्या कारखान्यातल्या कटपिसांचे. मी काही म्हणायला गेले की ताई म्हणायची, "अगं, वीस वर्षांचं आम्ही अकरावर आणतोय. गंमत आहे का?"

गंमत कसली? मी औषधाच्या दुकानात काउंटरला असते. गुडघ्यांचं मलम आणि गोळ्या ताईला मीच नेऊन द्यायचे. त्यामुळे मला ठाऊक होतं, किती लागतायत ते. ती खडूच्या पलंगाच्या आत गादी घालून झोपायची, अगदी रेघेला रेघ लावून. आणि उठायची कशी, ते एकदा बघायला हवं होतं कुणी. आधी कुशीवर व्हायची. मग एक हात जमिनीवर, एक गुडघा आत. मग दुसरा हात भिंतीवर टेकवून, दात आवळून, वर. रोज तोच हात, तीच जागा. भिंतीवर तिथे पंज्याचा काळपट डाग पडला होता. भावोजींच्या त्या 'एकवीस इंच'च्या थोडासाच वर.

तो डाग पाहिला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी माझ्या बचतीतून पैसे काढले, लाकडाला पुरून वर गादीला उरतील एवढे, आणि ताईच्या हातात कोंबले. "हे पलंगाचे. फक्त पलंगाचे. दुसरीकडे गेले तर माझ्याशी गाठ आहे."

"हो गं बाई, पलंगाचेच," ती म्हणाली आणि माझा गाल ओढला.

दोन महिन्यांनी गेले, तर आत खडूच. "पलंग कुठाय?" विचारलं. ताई म्हणाली, "ह्यांना वेळ कुठाय? रविवारीही घरात नसतात." ती हे हसून बोलली. पण मी मनाशी हिशेब बांधला, की ह्या बाबानं तेही पैसे बँकेत नेऊन घातले. भावोजींकडे बघणंच सोडलं मी. चहा दिला तर घ्यायचे, पण तोंड फिरवून.

मग ते झालं. दहावं वर्ष होतं. दुपारची वेळ, सुट्टीचा दिवस. ताई जेवून जरा आडवी झाली होती. उठताना भिंतीवरचा हात सटकला. भाची बाहेर अभ्यास करत होती, जमिनीवर, आपल्या खडूच्या टेबलात बसून. आवाज ऐकून धावली. ताई पलंगाच्या रेघेवर आडवी पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन म्हणाले. पैसे आणा म्हणाले. आणि दहा वर्षं घरात लाखोंनी भरणाऱ्या ह्या दोघांच्या हातात महिनाभराच्या खर्चाएवढेही नव्हते. बँकेत मुद्दलात घातलेला पैसा बँक परत देते का? शक्यच नाही. मी दिले, भावोजींनी कारखान्यातून उचल घेतली, इकडून तिकडून जमवले. ऑपरेशन नीट झालं. मी भेटायला गेले तर ताई हॉस्पिटलच्या कॉटवर उशीला टेकून बसलेली. म्हणाली, "बुटके, बघ, मिळाला ना पलंग? कळ दाबली की वरखालीही होतो. तुझ्या भावोजींना जमेल का असा?" मला रडू आवरेना आणि ती हसत होती.

पाच दिवसांनी तिला ताप भरला. छातीत संसर्ग झाला म्हणाले. बाविसाव्या दिवशी गेली.

त्या दिवशी जिन्यात मी जे बोलले, ते वर सांगितलंच आहे. एक सांगायचं राहिलं. मी असंही म्हटलं होतं, "मी दिलेले पैसेसुद्धा तुम्ही सोडले नाहीत." तेव्हा त्यांनी मान वर केली होती. माझ्याकडे बघितलं होतं. मला वाटलं, आता काहीतरी सबब सांगतील. पण पुन्हा मान खाली घातली.

दीड वर्ष गेलं. भाची मला दुकानात येऊन भेटायची, पण मी तिकडे जात नव्हते. एक दिवस तिचा फोन आला. "मावशी, कर्ज फिटलं. घराचे कागद आणले बँकेतून. बाबा म्हणतात, मावशीला बोलाव." मी म्हटलं, "मला कशाला? त्यांचं घर, त्यांना लखलाभ." ती मग म्हणाली, "मावशी, माझ्यासाठी ये." आता ह्याला काय करणार?

गेले. दार भाचीनं उघडलं. बाहेरच्या खोलीत सगळ्या रेघा ताज्या होत्या, नुकत्याच काढल्यासारख्या. मी नकळत टेबलाला वळसा घालून गेले आणि माझा मलाच राग आला. भावोजी जमिनीवर बसले होते. वाळले होते. समोर बँकेची फाइल आणि पावत्यांचा ढीग. भाची त्या तारखेनं लावत होती. मी जरा लांबच बसले. काहीतरी करायचं म्हणून तिच्या हातातल्या पावत्या उलटून मागचं वाचायला लागले. 'कपाट.' 'खुर्च्या.' 'टेबल.' पुन्हा 'कपाट.' सगळं भावोजींचं सुतारी अक्षर, सरळ उभं.

मग एक आली, तिच्यावर गोल अक्षर. 'पलंग.' ताईचं अक्षर. पुढे उलटली तर भरणाऱ्याच्या जागी ताईची सही.

मी ढीग जवळ ओढला. आणखी एक निघाली. चौथ्या वर्षातली. पुन्हा 'पलंग', पुन्हा तिची सही. आणि तिसरी. तिची तारीख मी लगेच ओळखली, कारण ती मी पैसे दिले त्याच्या दोन दिवसांनंतरची होती. आणि रक्कम तर माझीच. लाकडाची आणि वरची गादीची, सगळी.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तीच भरून आली," भावोजी म्हणाले. "तिन्ही वेळा मला संध्याकाळी पावती दाखवली."

"आणि तुम्ही?"

"भांडलो. तिसऱ्यांदा तर चार दिवस बोललो नाही."

मला ते चार दिवस आठवले. ताई म्हणाली होती, ह्यांचा मूड नाहीये. मी म्हटलं होतं, कधी असतो?

"पण का?" मी म्हटलं. "बसताउठता जीव जात होता तिचा!"

भावोजींनी पावत्या सरळ करायला घेतल्या. "तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी माझी छाती तपासली," ते म्हणाले. "भुश्यातून बाहेर पडा, म्हणाले. नाहीतर फार दिवस नाही. पण हप्ता होता. कारखाना सोडला तर हप्ता कुठून भरायचा? तुम्हाला कुणाला सांगायचं नाही, अशी तिनं शपथ घातली. तेव्हापासून तिनं मनाशी धरलं, की कर्ज लवकर संपवायचं आणि मला कारखान्याच्या फाटकातून बाहेर काढायचं. मी म्हणायचो, आधी पलंग. ती म्हणायची, पलंग काय पळून जातोय? तुम्ही राहा."

भाची उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला.

"तिला वाटायचं, तिच्या आधी मी जाईन," भावोजी म्हणाले.

दहा वर्षं मी त्या माणसाला चिक्कू, कोरडा, दगड म्हणत आले. मलम माझ्या हातानं दिलं, गोळ्या माझ्या हातानं मोजून दिल्या, त्याचा खोकला माझ्या कानांनी ऐकला, आणि मी औषधाच्या दुकानात काम करणारी शहाणी बाई एकदासुद्धा विचारू शकले नाही, की भावोजी, तुमचं काय? लाज वाटली मला. इतकी, की वर बघवेना.

"जिन्यात का नाही सांगितलंत मला?" मी शेवटी म्हटलं. "मी एवढं बोलले. एक शब्द तर बोलायचात."

"तुला कुणावर तरी चिडायचं होतं," ते म्हणाले. "माझ्यावर चिडलीस, ते बरं झालं. तिच्यावर चिडली असतीस, तर मला चाललं नसतं."

मग मात्र मी रडले. ढसाढसा, नाक पुसायचंही भान न ठेवता. भावोजी थोड्या वेळानं म्हणाले, "गेल्या महिन्यात कारखाना सोडला. तिला शब्द दिला होता." आणि मग, "आत ये जरा."

आतल्या खोलीत पलंग होता.

खरा. लाकडाचा. खडूच्या रेघांच्या आत, रेघेला रेघ लावून उभा. कारखान्यात शेवटचा महिना काम संपल्यावर थांबून केला म्हणाले, विकत घेतलेल्या लाकडाचा. कडा इतक्या गुळगुळीत केल्या होत्या, की हाताला कुठं टोचेल तर शपथ. वर नवी गादी, तिच्यावर चादरीची घडी, अजून न मोडलेली. आणि पलंगाच्या पलीकडे, बाल्कनीच्या दाराजवळ, जमिनीवर भावोजींची जुनी गादी गुंडाळून ठेवलेली.

"तुम्ही ह्यावर झोपत नाही?" मी विचारलं.

ते भिंतीकडे बघत होते. भिंतीवर ती पेन्सिलची रेघ होती, एकवीस इंच. आणि तिच्या वर ताईच्या पंज्याचा तो डाग. घराला एकदा रंग दिला होता म्हणे मधे, पण तेवढी जागा सोडून.

"बसून बघ," भावोजी म्हणाले.

"मी?"

"कुणीतरी बसून बघायला हवं. मापात आहे का ते."

मी बसले. बसले म्हणजे जवळजवळ चढलेच. हात आपोआप शेजारी गेला आणि भिंतीवर त्या डागावर पडला. माझा पंजा त्यात सगळा मावला, वर बोटांची जागा उरली. भावोजींनी कानावरची पेन्सिल काढून हातात धरली होती, गिऱ्हाईक काही बदल सांगेल म्हणून थांबतात तशी.

"उंची बरोबर झाली ना?" त्यांनी विचारलं.

माझे पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबकळत होते. मी ते साडीत ओढून घेतले.

"अगदी बरोबर," मी म्हटलं.